पाय चोळण्यास मनाई

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार जमत नाही, तेव्हा सात अंगांचाच गोड मानून घे (आठवं उशीवर ठेवलंय). तुझी कंबर कशी आहे? भावोजी अजून रेडिओशी भांडतात का?

तू रविवारी माझा पाय चोळायला निघाली आहेस असं कळलं, म्हणून घाईने लिहितोय. झालं असं, की कामावर परांचीची फळी सुटून माझ्या पोटरीवर आदळली. मी नेहमीप्रमाणे ‘काही होत नाही’ म्हणालो (आपल्या घरात हे औषध समजतात). आठवड्याभरात पोटरी लाल होऊन टम्म फुगली, तेव्हा तुझ्या भावजयीने मला गाडीत कोंबून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिरेला आतून सूज आहे आणि तिथेच रक्ताची गुठळी झालीये. मी म्हटलं, बाई, सूज बाहेर दिसतेय, तुम्ही आत कशाला शिरता? मग मी गवंडी आहे हे कळल्यावर त्या माझ्याच भाषेत सुरू झाल्या. शिरेला आतून गुळगुळीत अस्तर असतं, घोटलेल्या गिलाव्यासारखं, म्हणून रक्त न अडता सरकतं. सूज आली की ते अस्तर चिकट होतं. रक्ताला वाटतं इथे भोक पडलंय, गोठून बुजवायला हवं. भोक नसतंच! तरी रक्तातले कण धावत येतात, एकमेकांना चिकटतात, आणि त्या गुठळीने सूज आणखी वाढते. (थेट आपले मामा. कुणी शिंकलं तरी पाच जणांना घेऊन मदतीला दारात उभे, आणि आजाऱ्यालाच बाहेर पडता येत नाही.)

मी ऐटीत म्हणालो, आमची ताई चोळून गुठळी फोडेल, तिने भल्याभल्यांची लचक काढलीये. बाईंचा चेहराच उतरला. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते म्हणे, जिवावर बेततं. मी हसलो, तुझी भावजय हसली नाही. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो, ताई.

आता बरं आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सूज उतरतेय, थोडं चालायचीही परवानगी आहे. बाकी वेळ खिडकीत बसून समोरच्या बांधकामाला नावं ठेवतो. मजेत आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पायाला हात लावायचा नाही, एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. तुझी भावजय तुला फोनवर सांगायला घाबरते. मीही घाबरतो, म्हणून पत्र.

आणखी एक ता. क. येणं रद्द केलंस तर खबरदार. पाठ हलक्या हाताने चोळलेली चालेल, असं बाईंना दोनदा विचारून घेतलंय.