सहाची चाल, आठाचं गाणं

शनिवार, ४ जानेवारी
संपादकांना रविवारच्या पुरवणीसाठी लेख हवाय: नागपुरात स्विंग डान्सचा, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्य नाचाचा, वर्ग. संस्कृतात एम. ए. केलेल्या बाईलाच पाठवायचं कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे. धरमपेठेत एका व्यायामशाळेच्या वरचा हॉल. प्र. स्कूटरवर सोडायला आले आणि नेहमीसारखे खाली थांबतो म्हणाले. थंडी होती म्हणून वर ओढलं. कोपऱ्यात बूट काढून बसले. जमीन लाकडी फळ्यांची. दहा मिनिटांनी बघते, तर नवऱ्याचा मोज्यातला अंगठा हलतोय. स्पीकरच्या ठोक्यावर, अचूक.
शिकवणारी रिद्धिमा, तिशीची, बंगळुरूहून परतलेली. "काका, पुरुष कमी पडताहेत, या ना!" ह्यांना पत्ताच नाही. तिने हात धरल्यावर कळलं. वाटलं, आता घरी पळतात. नाचायला गेले की!

रवि., ५ जाने.
भाचीच्या मुलाचं बारसं. प्र. आले नाहीत. "मले काय कराचं आहे तिथं?"
दिवाळीत एक गृहस्थ वडील गेल्याचं सांगत होते. ह्यांना शब्द पोचले नाहीत. म्हणाले, "अरे वा! पेढे कुठं आहेत?" तेव्हापासून माणसांत जाणं बंद. फोन मी घेते, दार मी उघडते, बँकेत मी बोलते. बुटीबोरीच्या गिरणीत एकतीस वर्षं माग दुरुस्त करत हिंडले, कानात बोळे घालायचा कंटाळा. ऐकण्याचं मशीन आणलंय, ड्रॉवरमध्ये विश्रांती घेतं. "त्याच्यात सारंच येते. पंखा, भांडे, तू. एकाच मापात."
बारशाला जो तो विचारी, प्रभाकरराव कुठे? मी म्हणे, बरं नाही. दिवाळीपासून त्यांना सात-आठ वेळा तरी आजारी पाडलंय मी.
आणि काल तो माणूस परक्या पंधरा जणांत तासभर उभा राहिला. लेख होवो न होवो, दोघांची नावं घालतेच वर्गात.

शनि., ११ जाने.
रि. मोजते: वन, टू, थ्री-अँड-फोर, फाइव्ह-अँड-सिक्स. बाकीचे आठ्या घालून पुटपुटत होते. मी वहीत लिहिलं: गा गा, ल ल गा, ल ल गा. आधी दोन सावकाश पावलं, एक मागे, एक जागेवर. मग दोनदा दुडकी: दोन छोटी, एक लांब. सहा ठोके, बारा मात्रा, संपलं. शाळेत लघु-गुरूसाठी खाल्लेल्या छड्या सार्थकी लागल्या. रि.ला वही दाखवली. "वॉव मॅम! पण थोडं लंगडं ठेवा." दोन लघू सारखे नसतात म्हणे. पहिला रेंगाळतो, दुसरा उशिरा, अंग चोरून येतो. आमच्या गुरुजींनी असल्या लघूला वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे तीच सगळी मजा.
दर दोन मिनिटांनी रि. "चेंज!" ओरडते. मग पुरुष जागीच, बायकांनी एक जण पुढे सरकायचं. मी तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं: ह्यांना ऐकू येत नाही, मी हलणार नाही, खांद्यावर बोटांनी ताल देत राहीन. बरं म्हणाली.
ह्यांना हे सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

शनि., १८ जाने.
आज तीनदा पायावर पाय. तिन्ही वेळा माझ्याच. गाणं आठाच्या घरातलं, आमची पावलं सहाची. सहा झाले की मी क्षणभर थांबते, गाण्याची सम येऊ देते, मग निघते. प्र. मात्र सातव्यालाच पुढचं पाऊल टाकून मोकळे. मी खांदा दाबला, थांबा. थांबले नाहीत. मग नखं.
रि. बघत होती. "काकू, काका बरोबर आहेत. सहा संपले की लगेच पुढचे सहा. गाणं त्याचं त्याचं आठाने जाऊ द्या."
"आणि सम?"
"येते ना. त्यांचे तीन झाले की आपले चार होतात. चोवीसला भेटतात दोघं. तोवर नाही भेटले तरी चालतं."
चालतं कसं? समेवर यायचं नाही तर वाजवायचं कशाला, अशा घरात मी वाढले.
वर इतवारीतल्या कमलताई, भांड्यांच्या दुकानाच्या मालकीण, सगळ्यांदेखत: "अवं बाई, नवरा का लॉकरमंदी ठेवाले आणला का? एखांदं गाणं आमाले बी दे!" सगळे हसले. प्र.ही हसले, सगळे हसले म्हणून.

रवि., १९ जाने.
चहाच्या वेळी प्र.: "तुह्या बोटानं माहं चुकते."
"मग तुम्हाला ताल कळणार कसा?"
"पायाले समजते. चाळीस माग चालत असन अन् एक बिघडला, तं आमाले पायातूनच समजे कोणता तो. कानानं कोण आयकते तिथं?"
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. हे आज कळतंय. मीही कधी विचारलं नव्हतं, पण ते सोयीने विसरते.
तरी बोटं काढायचा धीर होत नाही. चुकले, कुणी हसलं, तर पुन्हा खोलीत जाऊन बसतील. या वेळी मग बाहेर काढायला काही उरणार नाही.

शनि., २५ जाने.
वाटोळं.
रि.ने चांगल्या मनाने वर्गाला सांगितलं की काकांना ऐकू येत नाही, सगळ्यांनी सांभाळून घ्या. झालं. जो तो तोंड एवढं मोठं करून "का-का! पा-णी?" एकाने तर दोन्ही हातांनी घोट घेऊन दाखवला. त्यांनी पाणी घेतलं. प्यायले. बूट घातले.
घरी, स्वयंपाकघराच्या दारात:
"तू काहून सांगतलं वं तिले?"
"तुमच्यासाठीच ना..."
"तीन शनिवार मी तिथं साधा माणूस होतो."
पोळ्या करपल्या, तशाच खाल्ल्या.

शनि., १ फेब्रु.
आले नाहीत. "तुहा लेख आहे, तू जाय." मी जिद्दीने गेले. रिक्षाने.
"चेंज" म्हटल्यावर आज पहिल्यांदाच सरकले. पाच जणांबरोबर नाचले. पाचही जणांना सहानंतर अडवलं. एक बँकवाले अदबीने म्हणाले, "मॅडम, आपण मधेच कशासाठी थांबता?" एकाची चूक असती तर त्याच्यावर ढकलली असती. पाच जण झाल्यावर उपाय उरत नाही.
कमलताईंनी विचारलं, साहेब कुठं? बरं नाही, हे तोंडाशी आलं होतं. म्हटलं, "माझ्यावर रागावलेत." त्या म्हणाल्या, "मंग ठीक आहे. तब्येत चांगली आहे म्हणजे."

गुरु., ६ फेब्रु.
दुपारी दाराची बेल. ती वाजली की कोपऱ्यात लाल दिवा लागतो, मीच लावून घेतलाय. सिलिंडरवाला असणार. नेहमीसारखी उठले आणि परत बसले. निवडायला मेथी होती, ती धरून ठेवली. दिवा दोनदा लागला. प्र.ने माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे.
गेले. बराच वेळ दारात होते. आवाज येत होते, त्याचा मोठा, ह्यांचा नेहमीचा. मधे एकदा "हळू बोल ना गा, ओठ दिसू दे" असं ऐकलं. सिलिंडर आत आला. रिकामा गेला.
मेथी मात्र काडीसकट निवडली गेली.
रात्री जेवताना म्हटलं, "चुकलं माझं. तिला सांगायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." एकदाच म्हटलं, तोंडासमोर, नेहमीच्या आवाजात.
"आयकलं," म्हणाले. भाजी वाढून घेतली.

शनि., ८ फेब्रु.
साडेचारला स्कूटर बाहेर काढलेली. बसायच्या आधी अट: "चेंज झालं का तू जाय. मांगं पाहाचं नाही. अन् बोटं आपल्या जवळ ठेवाचे."
पहिलं गाणं माझ्याबरोबर. बोटं जवळ ठेवली. सोपं नव्हतं, सवयीने खांदा शोधत होती. सहा झाले, थांबले नाही. पुढचे सहा. गाणं कुठल्या कुठे होतं, आम्ही भलतीकडे. अंगात कसंतरी होत होतं, अर्धवट श्लोक सोडून उठल्यासारखं. मग कुठूनतरी दोन्ही एकाच ठोक्याला आले. तेव्हा मोजत नव्हते बहुतेक.
"चेंज!" त्यांनी बायका हलताना पाहिल्या आणि माझा हात सोडला. आधी त्यांनी.
मी सरकले. पुढे बँकवाले. मागे पाहायचं नाही ठरलं होतं, पण या नाचात वळावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही. एका वळणावर दिसलं: कमलताई प्र.ना काहीतरी सांगताहेत, मान वर करून, मोठं तोंड वगैरे काही न करता. पुढच्या वळणावर प्र.ने काहीतरी उत्तर दिलं. त्याच्या पुढच्यावर कमलताई मान मागे टाकून हसताहेत, इतक्या की पाऊल चुकलं, आणि प्र. त्यांना सावरून पुढच्या सहाला लागलेसुद्धा.
मी बारा फुटांवर होते. गाणं मोठं होतं. एक अक्षर ऐकू आलं नाही.
परत येताना स्कूटरवर मागून विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?"
पुन्हा, मोठ्याने विचारलं.
"मले काय माहीत," म्हणाले.
"मग तुम्ही उत्तर काय दिलंत?"
शंकरनगर चौकाचा सिग्नल सुटला. त्यांनी स्कूटर पुढे काढली. ऐकू गेलं नाही, की सांगायचं नव्हतं?