सईच्या कादंबरीचं फायनल इन्स्पेक्शन

चिखली, रविवार दुपार

तीर्थस्वरूप सौ. सुमनताईस, धाकट्या अवधूतचा वाकून नमस्कार.

दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे माझी शुगर ताब्यात आहे, कारण विजयश्री माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि गोडाचं काही करत नाही. चिखलीहून थेरगाव ते किती लांब, फोन करायचा सोडून याला पत्र कसलं सुचलं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू स्पीकर लावतेस (दाजींनाही ऐकू यावं म्हणून) आणि शेजारी माझी लेक बसलेली असते. सईला तुझ्याकडे येऊन आज आठ दिवस झाले. माण गावातलं ऑफिस तुमच्याकडून जवळ पडतं, हे तिनं तुला सांगितलेलं कारण खोटं आहे. खरं कारण मी आहे.

ताई, आपल्या सईनं कादंबरी लिहिली आहे. तिची नायिका योगिनी प्राधिकरणाच्या वसाहतीत ब्युटी पार्लर चालवते आणि उरलेल्या वेळात सुपारी घेऊन खून करते. माणसांचे नव्हेत (हे कळल्यावर विजयश्रीनं देवापुढे साखर ठेवली), वेताळ, हडळी, झोटिंग यांचे. रस्ते रुंद करताना पिंपळ तोडले, म्हणून ही सगळी मंडळी बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेडमध्ये राहायला आली आहेत. म्हणजे तीही आपल्यासारखी बाहेरून आलेली, जागेच्या शोधात. त्यांची आपसात भांडणं होतात, आणि भांडणं विकोपाला गेली की योगिनीला बोलावणं येतं.

तर सईनं दोनशे बारा पानं छापून, स्पायरल बांधून माझ्या हातात दिली. 'बाबा, पहिल्यांदा तुम्हीच वाचा,' म्हणाली. आता तुला ठाऊक आहे, मी सव्वीस वर्षं चाकणला फायनल इन्स्पेक्शनला आहे. हातात आलेली वस्तू मी तपासतो, मग तो गिअर असो की वांगं. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी पाच दिवसांत पुस्तक संपवलं आणि लाल पेनानं एकशे त्रेचाळीस शेरे मारले. पान ३१ वर योगिनी नाशिक फाट्याच्या पुलावरून बसच्या टपावर उडी मारते. उंची दिलेली नाही, आणि त्या वेळेला तिथून ती बस जातच नाही. पान ५८ वर तिचा सुरा सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून आरपार जातो. सुरा कोणत्या स्टीलचा, हीट ट्रीटमेंट कुठं केली, काही पत्ता नाही. पान ९० वर वेताळ पेंट शॉपमध्ये मास्क न लावता फिरतो. (त्याला श्वास लागत नाही, असं सई नंतर म्हणाली. मग तसं ड्रॉइंगवर लिहायला नको का?)

सईनं एकेक पान उलटून सगळे शेरे वाचले आणि हळूच विचारलं, "बाबा, एक पण पान आवडलं नाही?" मी म्हटलं, "अगं, एकशे त्रेचाळीसच तर आहेत, बाकीचं पास!" मी हे शाबासकी म्हणून बोललो होतो, ताई, तुझी शपथ. ती म्हणाली, "रद्दीत घाला. शेवटचं प्रकरण आता मी लिहीत नाही." बॅग भरली आणि रिक्षानं तुझ्याकडे निघून आली.

ती गेल्यावर विजयश्रीनं मला फैलावर घेतलं. चांगल्या पानांवर काय लिहिलंत, म्हणाली. आता चांगल्यावर कोण लिहितं? आमच्याकडे खराब पार्टला लाल टॅग लागतो, त्यावर कारण लिहावं लागतं. चांगला पार्ट मुकाट्यानं क्रेटमध्ये जातो आणि पुढं कुणाच्या तरी गाडीत बसून जग फिरतो. मी लाखोंनी पार्ट पास केले असतील, एकालाही वाहवा म्हटलेलं नाही. हे तिला समजावून सांगितलं तर म्हणाली, "पार्टला वाईट वाटत नाही हो." मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग मी ती पानं पुन्हा काढली. पान ११७ वर माझा एकही शेरा नाही. तिथं हडळ योगिनीला म्हणते, मारायचं तर मार, पण माझं ओटभरण राहून गेलंय. योगिनी सुरा खाली ठेवते, पर्समधला रुमाल खण म्हणून घेते आणि तिची ओटी भरते. ताई, मी हे मोशीच्या सिग्नलला वाचलं आणि शेजारच्याला डोळ्यांत धूळ गेली असं सांगितलं. पेन हातात होतं, पण अशा पानावर काय लिहायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि शेवटच्या पानावर काय होतं माहीत आहे? योगिनीला सुपारी मिळते ती तिच्या बापाच्या जिभेवर बसलेल्या झोटिंगाची. त्या झोटिंगामुळं बापाच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही. झोटिंगाला मारलं तर बापही मरेल, अशी भीती. ती सुरा घेऊन बापाच्या दारात उभी राहते, आणि तिथंच पुस्तक थांबतं. (बाप पायात सेफ्टी शूज घालून जेवायला बसतो असंही लिहिलंय. मी फक्त दोनदा बसलोय.)

बाकी सगळं क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
अवधूत

ता. क. वाचून झालं की हे पत्र कपाटात ठेवू नकोस. चहाच्या टेबलावर उघडं टाक आणि तासभर भाजीला जा. सईला लहानपणापासून दुसऱ्यांची पत्रं वाचायची खोड आहे.

ता. क. २. सई, योगिनीनं आत जावं आणि झोटिंगाला मारावं. बाप मेला तरी चालेल, फक्त मरण्याआधी त्याला एक वाक्य बोलू दे. ते तू जुळवत बसू नकोस, मी देतो: पोरी, तू फार सुंदर लिहितेस.