चोपदाराची ललकारी

क्युपर्टिनो, शनिवार, १५ ऑक्टोबर २००५

दमलोय. मंडळाच्या नाटकात चोपदार होतो, काम दोन मिनिटांचं. बाबा तीस वर्षं संस्थानच्या राजवाड्यात खरे चोपदार होते, म्हणून ललकारी त्यांच्याकडूनच शिकलो. आज आवाज लागला. पण पहिल्या रांगेतले बाबा ताडकन उठले आणि उभेच राहिले. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, अख्खा अंक.

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, प्लीज बसा ना, दिसत नाहीये." मी स्टेजवरून दोनदा खुणावलं. लाज वाटत होती की राग येत होता, कोण जाणे.

गाडीत चिडूनच विचारलं, "बाबा, बसायचं ना. गुडघ्यांचं काय?"

"महाराजांनी बसा म्हटलं नाही."

नाटकातले महाराज म्हणजे आमचा सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला जोशी. त्याला तसं वाक्यच नव्हतं.

घरी येऊन त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं. ते झोपल्यावर आठवलं, तीन आठवडे रोज माझी ललकारी ऐकून म्हणायचे, "पोकळ आहे. याला कुणी उठणार नाही."