सव्वीस अंशांचा समुद्र

२२ एप्रिल
आजपासून नोंदी ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर शिस्त सुटली की माणूस ओट्यावरचा होतो. पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी पाण्यात गेली. कालव्याचं, धरणाचं, कागदावरचं, सगळं पाणी सांभाळलं. आता समुद्र सांभाळतोय. चार फुटी काचेची टाकी, आत मऊ जातीचे प्रवाळ. जांभळे, हिरवे, बोटांसारखे हलणारे. मासे नाहीत. येणारा प्रत्येक जण मासे कुठे म्हणून विचारतो, कंटाळा आलाय उत्तर देऊन.

टाकी लेकीच्या, मालाच्या खोलीत आहे. लग्न होऊन ती शिरपूरला गेली, खोली रिकामीच होती, आणि घरातला एकुलता एक एसी तिथेच. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर बरंच काही सांगितलं. त्यातलं मुद्द्याचं एकच, पाणी सव्वीस अंशांच्या वर जाता कामा नये. पाणी गार ठेवणारा चिलर घ्या म्हणत होता. ज्याला पाणी कळत नाही त्याने चिलर घ्यावा.

बाहेर त्रेचाळीस. टाकीत २६.०.

२५ एप्रिल
सिस्टिम बसली. एसी बावीसवर, शिवाय टेबलफॅन थेट पाण्याच्या पृष्ठभागावर. वारा लागला की बाष्पीभवन, बाष्पीभवन झालं की गारवा. साधं शास्त्र आहे.

सुनंदाने विचारलं, स्वयंपाकघरातला टेबलफॅन कुठे गेला. बाष्पीभवन समजावून सांगितलं. ती म्हणाली, मला माहितीये, मी गॅससमोर उभी असते. हिला विज्ञानाची आवड नाही, हे लग्नाच्या वेळीच लक्षात यायला हवं होतं.

२७ एप्रिल
आनंदाची बातमी. माला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येणार. लग्नानंतरची पहिली आखाजी, लेक माहेरी यायलाच हवी. पाच तारखेला येईल, महिनाअखेरपर्यंत राहील. सुनंदा होळीपासून याच दिवसाची वाट बघतेय. दोनदा रडून झालं तिचं आनंदाने.

मालाच्या सासरी वरच्या मजल्यावर पत्रे आहेत. पोरगी आईला म्हणाली, काही नको, फक्त माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, एसी लावून चार दिवस पोटभर झोपू दे. मी म्हणालो, त्यात काय विचारायचं. खोली तिचीच आहे.

ठराव : ४ मेपर्यंत टाकी हॉलमध्ये हलवायची. नकाशा काढला. दोन तासांचं काम.

३ मे
हॉलमध्ये थर्मामीटर लावून पाहिला. कूलर चालू असताना छत्तीस. तिथे टाकी ठेवली तर प्रवाळांचा रस्सा होईल. टाकी हलवणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं आहे.

नवा प्लॅन. टाकी तिथेच, माला पण तिथेच. मात्र पलंगाच्या जागी मिठाच्या पाण्याचे ड्रम आहेत, तेव्हा पलंग हॉलमध्ये. म्हणजे माला खोलीत येईल, बसेल, बघेल, आणि झोपायला हॉल. सुनंदाला सांगितलं. ती काही बोलली नाही. सहमती गृहीत धरली.

५ मे
माला आली. बसने, भर उन्हात, चेहरा लालबुंद. पण हसत होती. थेट आपल्या खोलीकडे गेली, दार उघडलं आणि उभीच राहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर म्हणाली, पप्पा, किती सुंदर आहे हो हे. माझा ऊर भरून आला. या घरात कुणालातरी कळलं.

पलंग हॉलमध्ये दिसला तेव्हा म्हणाली, चालेल मला. गुणी पोर आहे. फक्त दार फार उघडतं. बॅगेतून हे काढायचंय, कपाटातून ते काढायचंय. पाणी २६.४.

दारावर चिठ्ठी लावली : कामाशिवाय उघडू नये.

७ मे
पंचेचाळीस. दुपारी लाइट गेली. घाबरलो नाही, कारण इन्व्हर्टर कालच टाकीच्या पंपावर आणि पंख्यावर फिरवून ठेवला होता. हॉलचा पंखा त्यावरून काढावा लागला. तात्पुरता.

सुनंदा आणि माला शेजारी कौतिकभाऊंच्या ओट्यावर निंबाखाली जाऊन बसल्या. तिथे बरी झुळूक असते. उगाच घरात कोंडून घेण्यापेक्षा चांगलंच. संध्याकाळी कौतिकभाऊ आले, खोलीत डोकावले, थंड हवा तोंडावर घेत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, मासासले एसी, मानूसले ओटा, हाई काय शे भाऊ. मी सांगितलं, हे मासे नाहीत. आणि दार लावा.

८ मे
फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायला लावल्यात, टाकीत तरंगवायला. इमर्जन्सी बॅकअप. त्यासाठी आमरसाचे डबे बाहेर काढावे लागले. आंबले. आंबे काय, अजून येतील.

मालाला ऊन लागलं. सकाळपासून डोकं धरून पडली होती, दोनदा उलटी झाली. सुनंदाने कांदा चोळला, पन्हं पाजलं, आणि मला म्हणाली की पोरीला आता खोलीत झोपवते. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, झोपव ना, मी कुठे नाही म्हणतो. एवढंच लक्षात आणून दिलं की झोपलेला माणूस शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता सोडतो.

ड्रमांच्या मधे गादी टाकली. माला झोपली. मी अजिबात आवाज केला नाही. फक्त थर्मामीटर घेऊन तिच्या उशाशी उभा होतो. २६.५. २६.८. २७.१. तिने मध्येच डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, थर्मामीटरकडे पाहिलं, आणि आपणहून उशी घेऊन हॉलमध्ये गेली. म्हणाली, आता बरं वाटतंय.

लवकर बरी झाली. तरुण शरीर आहे. सव्वासहाला पाणी परत २६.०.

९ मे
टाकीच्या काठावर पांढरा थर धरलाय. बोट लावून चाखला. खारट. इतका अस्सल समुद्र मुंबईलासुद्धा मिळणार नाही.

पंख्यामुळे रोज दोन बादल्या पाणी उडून जातं. तेवढंच मिठाचं पाणी मी रोज टाकतो. समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायचा, घरच्या नळाचं पाणी नाही. पण बंद ड्रममधल्या पाण्याला पंख्याचा वारा नाही, ते कोमट राहतं, ओतलं की टाकीचं तापमान वर जातं. दिवसभर डोक्यात तेच. शेवटी उपाय सापडला, तोही डोळ्यांसमोर ठेवलेला. सुनंदाने आखाजीसाठी कुंभाराकडून नवी कोरी घागर आणली आहे. मातीचं भांडं, बिनविजेचं शीतकरण. ड्रममधलं पाणी घागरीत भरून ठेवलं. सकाळी काढून घ्यायचं. हे पुण्याच्या दुकानदाराला सुचलं नसतं.

१० मे, आखाजी
सकाळी टाकीवरचा दिवा बिघडला. त्या गडबडीत घागर राहून गेली.

मी दिव्याशी झटत होतो तेव्हा सुनंदाने घागर भरलेली पाहिली. तिला वाटलं मालाने भरली. पाटावर मांडली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, माझ्या आईवडिलांची नावं घेतली, हळदकुंकू वाहिलं. दुपारी ललितराव शिरपूरहून मोटरसायकलवर आले. जावयाची पहिली आखाजी. पुरणपोळी, नवा आमरस, कुरडया. आमच्याकडे जेवण झालं की त्याच घागरीतलं पाणी सगळे पितात, पहिला पेला जावयाला.

ललितरावांनी अर्धा पेला प्यायला. फार सभ्य माणूस. डोळ्यांत पाणी आलं तरी पेला खाली ठेवला नाही. पाणी जरा जड आहे म्हणाले, आणि मोरीकडे गेले. मग सुनंदाने एक घोट घेतला.

माला माझ्याकडे बघत होती. सुनंदा एवढंच म्हणाली की तुमच्या आईबापालाही तेच पाजलंत. मी म्हणालो, पितरांना काय, सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात. ते पटलं नसावं.

वाईट एका गोष्टीचं वाटलं. ते पाणी मस्त चोवीस अंशांवर आलं होतं.

११ मे
माला गेली. ललितरावांच्या मागे बसून, सकाळीच, ऊन चढायच्या आत. महिनाअखेरपर्यंत राहणार होती. सासूबाई एकट्या आहेत म्हणाली. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, पप्पा, काळजी घ्या. प्रवाळांची म्हणाली असावी.

सुनंदाने पिशवी भरली आणि यावलला भावाकडे गेली. माझीही आखाजी राहिलीय म्हणाली. कधी येणार ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. स्वाभिमान आहे.

आता घरात शिस्त. दार दिवसभर बंद. पाणी २५.९. आजवरचं सर्वोत्तम.

१४ मे
बाहेर सेहेचाळीस, पेपरात पहिल्या पानावर. माझ्याकडे २६.०. अख्ख्या खानदेशात एवढी एकच जागा असेल जिथे उन्हाळा नाही.

प्रवाळ मिटलेत. बोटं आत ओढून घेतलीत. विश्रांती घेत असावेत.

जेवण : मुरमुरे.

१६ मे
विश्रांती वाढलीय. जांभळ्याचा रंग गेला. खोलीत वास येतोय.

दुकानदाराला फोन केला. तापमान किती म्हणाला. मी रुबाबात सांगितलं, सव्वीस, सलग. तो शाबास म्हणाला, आणि मग विचारलं, उडालेलं पाणी कशाने भरता. मी म्हणालो, मिठाच्या पाण्याने. तो हळू आवाजात म्हणाला, साहेब, पाणी उडतं, मीठ उडत नाही. ते आतच राहतं. तुम्ही रोज त्यात आणखी मीठ घालताय. वर फक्त साधं पाणी घालायचं असतं, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

मी म्हणालो, माहीत आहे मला. खरंच माहीत आहे. पाणी उडून मीठ वर येतं आणि जमीन खारवट, चोपण होते, यावर मीच खात्यात असताना दोन अहवाल लिहिलेत. साहेबांनी कौतुक केलं होतं.

पॅनिक व्हायचं नाही.

१७ मे
पॅनिक झालो. साध्या पाण्याच्या बादल्या ओतल्या, एकामागून एक. दुकानदार हळूहळू घाला म्हणाला होता, पण हळूहळू करायला वेळ कुठे होता. दुपारपर्यंत शेवटचा हिरवाही गळून खाली पडला.

पाणी २६.०.

२१ मे
टाकी रिकामी केली. कौतिकभाऊ आले मदतीला. मासे कुठे असं विचारलं नाही. दोघांनी टाकी उचलून मागच्या अंगणात ठेवली. ड्रम बाहेर काढले. फरशी चार वेळा पुसली, तरी वास जाईना, मग उदबत्ती लावली. पलंग परत मालाच्या खोलीत लावला. धुतलेली चादर घातली, तिची उशी ठेवली. दारावरची चिठ्ठी काढली. टेबलफॅन स्वयंपाकघरात ठेवला. इन्व्हर्टर हॉलवर फिरवला. पोरीला आजारपणात मी तिची स्वतःची खोलीसुद्धा दिली नाही, हे आज पलंग ओढताना कळलं. फार वाईट वाटलं.

मग एसी लावला आणि मालाला फोन केला. खोली तुझी मोकळी आहे, उद्याच ये, आईलाही यावलहून बोलावतो, असं सगळं मनात नीट जुळवून ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, पप्पा, प्रवाळ कसे आहेत. म्हणाली, महिनाभर राहायचं होतं हो मला, पण माझ्यामुळे सारखं दार उघडायचं, पाणी तापायचं, तुमचा जीव खालीवर व्हायचा. ते बघवेना, म्हणून निघाले.

मी म्हणालो, छान आहेत. सव्वीसवर आहेत.

तिला फार बरं वाटलं. मी मग एवढंच म्हणालो की चार दिवस येऊन जा. ती म्हणाली, नको पप्पा, आता एवढे जगलेत तर मध्येच येऊन दार उघडत नाही, थंडीत बघू.

बरं म्हणालो.