जागृतीच्या बाळगणेशाची साक्ष

मी, वामन गोटीराम घरत, वय एकाहत्तर, गणपतीचा मूर्तिकार, राहणार जासई, डोके ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायको सखू शेजारी बसली आहे, पण तिचे दडपण लग्नापासूनचे आहे, ते धरू नये.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते सखूचे. तिने ते खर्च करावे, जपत बसू नये. तिच्यामागे घर मुलीचे, जागृतीचे.

२. कारखान्याची शेड, साचे, कोरण्या जागृतीला. जिथून आम्ही चिकण माती आणायचो तिथे आता कंटेनर रचलेत. तेव्हा अख्खे घर माती मळायला बसायचे, मूर्ती सांगायला पाट घेऊन आलेली माणसे चहाला थांबायची, गप्पांत संध्याकाळ व्हायची. ते दिवस फार आठवतात.

३. माळ्यावरच्या मूर्तींना कुणी फूल वाहू नये. नक्कल करणारे वाढल्यापासून आमची रीत अशी: नव्या घडणीचा पहिला नग विकायचा नाही. ओल्या तळावर तारीख कोरायची, त्या दिवसाच्या पेपरचा तुकडा पोटात घालायचा आणि डोळ्यांची आखणी करायची नाही. तोवर ती नुसती माती, पुरावा म्हणून कितीही वर्षे राहते. पूजा झाली की मात्र विसर्जन करावेच लागते.

४. मिठागराच्या बांधावर पाय सोडून बसलेला बाळगणेश जागृतीने २०१७ साली घडवला. माझे बोटही त्याला लागलेले नाही. आता पुतण्या कुंदन आपल्या कारखान्यात तो विकतो आणि मूळ घडण आपलीच म्हणून त्याने जागृतीवर दावा लावला आहे. हरली तर पोरीला स्वतःचीच मूर्ती करता येणार नाही.

पहिला नग कोर्टात न्यायचा होता. आदल्या दिवशी सखूने माळा झाडला आणि बाळाला धुळीत पाहून तिला राहवेना. दूर्वा वाहिल्या, निरांजन ओवाळले, वर मलाच म्हणाली, "देव कोरटान चाललाय, उपाशी कसा धाडायचा?" झाले! पूजलेला देव कोर्टाच्या टेबलावर कोण ठेवणार? दीड दिवसाने खाडीत विसर्जन केले. जागृतीच्या वकिलीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मीही सखूला नाही नाही ते बोललो, पण मूर्ती पाण्यात सोडताना दोघेही रडलो.

५. कुंदनला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा नसावा असे वकिलीणबाई सांगतात, आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. त्या बाळाची माती त्यानेच मळली होती. माझा भाऊ गेल्यावर तो याच घरात जेवून मोठा झाला. त्याच्यावर राग आहे आणि जीवही आहे. चौथे कलम वाचून ते खरे वाटले तरच त्याने सही करावी. नाहीतर जागा कोरी सोडावी, मी पुन्हा बोलावणार नाही.

जासई, नवी मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

(सही) वामन गोटीराम घरत

साक्षीदार पहिला: (सही) धनेश सिताराम म्हात्रे, शेजारी, १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार दुसरा: काका, चार नंबर वाचला. बाळ जागृतीचाच हाय. केस मागं घेतो.
(सही) कुंदन अंकुश घरत, २३ नोव्हेंबर २०२५