अर्ज क्रमांक एक्केचाळीस

तीर्थस्वरूप भावोजी यांस, धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (खोलीभर फायली पसरल्यात, आडवं व्हायला जागा नाही, बसूनच घातलाय, गोड मानून घ्यावा.) गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? दुकान जोरात असल्याचं कळलं, बरं वाटलं. आम्ही इकडे नुसते जिवंत आहोत.

आमच्या नोंदी विभागाचं काय झालंय ते विचारूच नका. सरकारी नोंदी सगळ्यांच्या, कुणीही यावं आणि नक्कल मागावी, इथवर ठीक होतं. पण हल्ली येतात ते सगळे धंदेवाले. फरशीवाल्याला नव्या घरांच्या परवानग्या हव्यात, शिकवणीवाल्याला नापासांची यादी, आणि एक चष्मेवाला तर गाडीच्या परवान्याला डोळ्यांमुळे नाकारलेल्यांचे पत्ते मागून गेला (मी मनातल्या मनात त्याला टाळी दिली). म्हणून वरून नवा नियम आला. अर्जावर हेतू लिहायचा. धंद्यासाठी असेल तर वेगळी रांग आणि महिनाभर थांबा, स्वतःच्या कामासाठी असेल तर लगेच. झालं! त्या दिवसापासून गावात एकही धंदेवाला उरला नाही. सगळे अभ्यासक झाले. फरशीवाला सध्या वास्तुकलेचा इतिहास अभ्यासतोय.

आता खरा हेतू शोधायचा कुणी? अस्मादिकांनी. तोही क्रमाने, आधीच्या अर्जाचा निकाल लागल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. आणि मी अडकलोय एक्केचाळीस नंबरावर. गेल्या दोन वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरचा पत्ता हवाय. हेतू, 'लोकसंख्येचा अभ्यास'. अभ्यास कसला ते आमच्या शिपायालाही कळतं, पण या अर्जाला मला हात लावता येत नाही (कारण खाली येईल), आणि ज्यांना येतो ते साहेब महिनाभर रजेवर.

बेचाळीस नंबरावर एक आजी आहेत, निवृत्त सुईण. त्यांच्या घरावर पुतण्याने हक्क सांगितलाय, शुक्रवारी सुनावणी आहे. त्यांना घराच्या नोंदीचं एक पान हवंय. एकच! ते कपाट मला खुर्चीतून दिसतं. आजी रोज येऊन बाकावर बसतात आणि विचारतात, "बाळा, माझ्या पुढे कोण आहे रे?" मी "प्रक्रिया आहे, आजी" म्हणतो आणि मान खाली घालतो. लाज वाटते, भावोजी. खरंच वाटते.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला,
थकलेला मेव्हणा

ता. क. एक्केचाळीस नंबरावर सही तुमची आहे. नातेवाइकाच्या अर्जाला कर्मचाऱ्याने हात लावायचा नाही, असा नियम आहे. पाळण्यांच्या दुकानदाराला एकदम लोकसंख्येचा पुळका यावा, हे मी कुणाला सांगू? तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र. अर्ज फक्त अर्जदारालाच मागे घेता येतो. मजकूर मी लिहून जोडलाय, तुम्ही नुसती सही करा आणि गुरुवारच्या आत पोचवा.

आणखी ता. क. पाकीट द्यायला घरी आलो तर तुम्ही दुकानात होता. ताईने उघडून वाचलं. साक्षीदार म्हणून तिने सहीही केली आहे. धाकटीच्या वेळी तुम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर रडत बसला होता, तेव्हा पाणी पाजून "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत" असं सांगणारी सुईण म्हणजे याच बेचाळीस नंबरच्या आजी, असं ताई म्हणते. तिचा खोकला पूर्ण थांबलाय. आवाज चांगलाच मोठा निघाला. सही निळ्या शाईने करावी.