पाठीवर ऊन

४ मार्च
आले एकदाची दादाकडे! माझं सामान बघून टॅक्सीवाल्यानं विचारलं, बाई, घर बदलताय की गाव? म्हटलं, दोन्ही. वहिनी गेल्यापासून माझा हा भाऊ एकटा पडलाय. धड जेवत नाही, दाढी करत नाही, फोनवर नुसतं हं हं करतो. म्हणून नोकरीवर पाणी सोडलं आणि सरळ येऊन धडकले. याला माणसात आणल्याशिवाय मी काही हलायची नाही. स्वयंपाकघरात तर शी! ओट्यावर इतका चिकटा की बरणी उचलली तर ओटाही वर येईल. दुपारभर घासत होते. दादा दारात उभा राहून हसला आणि म्हणाला, फिनेलबाई आल्या वाटतं. तेवढ्यानंसुद्धा जिवाला बरं वाटलं.

७ मार्च
घर आता घरासारखं दिसतंय. आज दादानं मागच्या अंगणातला वाफा दाखवला. वहिनीनं जिवापाड जपलेलं ठेंगणं आयरिस. झाड वीतभर, पण फूल जवळजवळ काळं. असलं आयरिस पंचक्रोशीत कुणाकडे नाही म्हणे. नसेलच! मला तर मेलं ते बघवेना. खालच्या पाकळीवर केसांचा पुंजका, मोरीच्या जाळीत अडकतो तसा. वास बंद पडलेल्या फ्रिजचा. गड्डे आल्याच्या तुकड्यांसारखे, पण फुगीर, कातडीच्या रंगाचे, अर्धे मातीबाहेर. दादा त्यांच्यावरून हात फिरवत होता आणि मी दोन पावलं मागे सरकले. तरी तोंडभर कौतुक केलं. आज तो पोटभर जेवला होता, उगाच कशाला विरजण घाला!

११ मार्च
दादाला बळंबळं केस कापायला धाडलं. म्हटलं, तो येईपर्यंत वाफ्याचं जरा बघू. गड्डे बिचारे उघडेच पडलेले. गुलाबांसाठी आणलेलं शेणखताचं पोतं होतं, त्याचा चांगला जाड थर देऊन सगळे झाकून टाकले. वर पाइपनं भरपूर पाणी घातलं. वाटलं, स्वारी खूश होईल.

खूश कसली! बघताक्षणी चेहरा पांढराफटक. म्हणाला, आयरिसला असं पुरायचं नसतं गं, त्याच्या पाठीवर ऊन लागतं. अंधारेपर्यंत हातांनी खत उपसत बसला.

१६ मार्च
गड्डे सडलेच. दाबले की आतून पिवळट, बुळबुळीत काहीतरी येतं. वासानं डोकं उठलंय.

आणि दादा सकाळपासून लंगडतोय. मोजा काढायला लावला, तर टाच मऊ. दाबली आणि माझं बोट आत गेलं. रक्ताचा थेंब नाही. वास तोच, गड्ड्यांचा. मोरीत जाऊन ओकले. डॉक्टर आले, नाकाला रुमाल लावून मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाले. दादा ऐकेल तर शपथ! म्हणतो, वाफा बरा झाला की मी बरा. वहिनीचंही असंच सुरू झालं होतं, तेव्हा मी वाफा वेळेवर साफ केला नाही, म्हणतो. मी त्याला वेड्यात काढलं. पण खत घातलं कुणी? मीच ना?

१८ मार्च
उपायही त्यानंच सांगितला. सडलेलं सगळं चमच्यानं कोरून काढायचं, कडक पांढरं लागेपर्यंत. मग उघडं ठेवायचं उन्हात. माझ्या स्वयंपाकघरातला चमचा! श्वास रोखून कोरत बसले. नखांत ती घाण गेली. संध्याकाळी दादाची टाच बघितली, तर थोडी घट्ट! मला रडूच फुटलं. वाचणार माझा दादा.

२१ मार्च
वाफा कोरून झाला. टाचेतलं मऊ गेलं. पण ती भरली नाही. कडक झालीय, पांढरी. नखानं खरवडलं तर बटाट्यासारखा कीस निघतो. शी, शी!

दादा मात्र मजेत. सदरा काढून दिवसभर वाफ्याशेजारी पालथा. पाठीवर ऊन घेत. जेवायला नको म्हणतो. ताट होतं तसंच उचललं.

२४ मार्च
पांघरूण घालायला गेले तर पाठ गार. गाठीगाठींची. खांद्यापाशी कातडी फाटलीय, आणि आतून हिरवं टोक —

नाही लिहवत. अंग घासघासून धुतलं. वास जात नाही.

२५ मार्च
आज त्यानं माझा दंड दाबून बघितला. आणि तोंड वाकडं केलं. मी गड्ड्यांकडे बघून करते, अगदी तसं. म्हणाला, किती मऊ पडलीयस गं. आणि कोमट. हात चड्डीला पुसला.

त्याला किळस आली. माझी!

२६ मार्च, दुपार
बाथरूममध्ये कडी लावून बसलेय. तो दाराबाहेर. ओरडत नाही, समजूत घालतोय. तू मला बरं केलंस, तुला असं सडताना कसं बघू, म्हणतो. मायेनं बोलतोय मेला. खरोखर मायेनं.

दाराची खालची फळी कुजकीच आहे. चमच्याचा आवाज येतोय. भुसा आत पडतोय. हात दिसला, पांढरा —

ओरडून सांगतेय, दादा, अरे मी सडलेली नाहीये, हे असंच असतं, जिवंत माणूस मऊच असतो. तो म्हणतो, थोडं सहन कर, कडक पांढरं लागलं की थांबतो.

दादा, अरे, माणसात कडक पांढरं म्हणजे फक्त हाड —